कॅरिबियनची क्रूझ : पूर्वेकडची घ्यावी की पश्चिमेकडची?

वाचक विचारतात : प्रवास

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. मी, मिस्टर, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. एजंटने दोन क्रूझ दाखवल्या आहेत. दोन्ही मायामीहून सुटतात, दोन्ही ७ रात्रींच्या. पहिली पश्चिम कॅरिबियनची : ओचो रिओस (जमैका), ग्रँड केमन, कोझुमेल (मेक्सिको) आणि शेवटी बहामामधले कंपनीचे खासगी बेट. दुसरी पूर्वेची : सान हुआन (पोर्तो रिको), सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन. दुसरी माणशी ९० डॉलरने महाग, शिवाय ठिकाणे तीनच. दिवाळीत जायचे की मे महिन्यात, हेही ठरलेले नाही. एजंट म्हणतात, पहिली घ्या, एक ठिकाण जास्त मिळतेय. मुलांचाही तोच हट्ट आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मे महिना आणि दुसरी क्रूझ. ठिकाणांची बेरीज करून क्रूझ निवडली की फसगत होते. आधी महिना बघायचा, मग घरातले सर्वांत कमी चालणारे माणूस, आणि दर सगळ्यात शेवटी.

महिन्याचे आधी. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्यातही वादळे कुठे उठतात ती जागा सरकत जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमधली मोठी वादळे बहुधा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून अटलांटिक ओलांडत येतात आणि आधी पूर्वेकडच्या बेटांना गाठतात. २०१७च्या सप्टेंबरात इर्माने सेंट मार्टेन उद्ध्वस्त केले आणि पाठोपाठ मारियाने पोर्तो रिको. ऑक्टोबर उजाडला की वादळे पश्चिम कॅरिबियनच्या कोमट पाण्यातच जन्माला येऊ लागतात. २००५च्या ऑक्टोबरात विल्मा कोझुमेलवर आले, २८ ऑक्टोबर २०२५ला मेलिसा जमैकावर. म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि पहिली क्रूझ ही जोडी सर्वांत वाईट. नेमकी तीच स्वस्त का मिळतेय, ते यावरून कळेल.

वादळ आले म्हणून जहाज बुडत नाही. कप्तानाला चार-पाच दिवस आधी अंदाज मिळतो आणि तो जहाज वळवतो. तुमचे नुकसान दुसरीकडेच होते. तिकिटाच्या करारात लिहिलेले असते की कंपनी कुठलेही बंदर गाळू शकते किंवा बदलू शकते. गाळलेल्या बंदराचा कर आणि शुल्क परत मिळते, ते थोडेच असते. बाकी भरपाई नाही. मायामीचे बंदरच बंद राहिले तर जहाज एक-दोन दिवस उशिरा लागते आणि तुमचे मुंबईचे परतीचे विमान निघून जाते. पाच जणांची परतीची तिकिटे ऐनवेळी नव्याने काढायची म्हटली, तर क्रूझमधली सगळी बचत एका दिवसात जाईल. मे महिन्यात हे संकट जवळजवळ नसते, मुलांच्या शाळेची अडचण नाही, आणि सोलापूरच्या उन्हातून जाणाऱ्याला तिथला तिशीतला पारा सुखाचाच वाटेल. दमटपणा मात्र मुंबईसारखा.

आता सासूबाई. पहिल्या क्रूझची खरी अडचण ग्रँड केमनला आहे. तिथे मोठी जहाजे लागतील असा धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि माणसांना टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या दारातून एका छोट्या फळीवरून बोटीत पाऊल टाकायचे असते. लाट आली की बोट पाऊणएक फूट वर-खाली होते. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात, पण पाऊल आपले आपल्यालाच टाकावे लागते, आणि तेही बोट वर आली त्या क्षणी. दुखऱ्या गुडघ्यांना हे अवघड. व्हीलचेअर असेल आणि समुद्र खवळलेला असेल, तर खलाशी नाहीच म्हणतात. ओचो रिओसला धक्का आहे, पण तिथले मुख्य आकर्षण म्हणजे डन्स रिव्हर धबधबा. तो एकमेकांचे हात धरून, निसरड्या दगडांवरून, पाण्यातून चढायचा असतो. उंची सुमारे ५५ मीटर. मुले खूश होतील, पण सासूबाई खाली बसून राहतील आणि तुमच्यापैकी एकाला त्यांच्यापाशी थांबावे लागेल.

दुसऱ्या क्रूझमध्ये तिन्ही ठिकाणी जहाज साधारणपणे धक्क्याला लागते, रॅम्पवरून उतरायचे. (सेंट थॉमसला एकाच दिवशी बरीच जहाजे आली तर एखादे बाहेर थांबते. बुकिंगआधी तुमच्या तारखेला धक्का ठरलाय ना, हे एजंटकडून लेखी घ्या.) सान हुआनला जुने शहर धक्क्यासमोरच आहे, एल मोरो किल्ला आणि निळसर दगडी रस्ते. रस्ते चढाचे आहेत, म्हणून वर जाताना टॅक्सी करा. टॅक्सी जिथे सोडते तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत मोठे उघडे मैदान आहे, सावली नाही. सासूबाईंसाठी छत्री ठेवा किंवा त्यांना अलीकडच्या चौकात बसवा. बहुतेक वेळापत्रकांत सान हुआनला जहाज दुपारी लागते आणि रात्री सुटते. संध्याकाळचा फेरफटका तिथे छान होतो. सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गची चौपाटी गावालाच लागून आहे. धक्क्यावरून चालायला लांब पडते, पण तिथूनच वॉटर टॅक्सी आणि साध्या टॅक्सी मिळतात. मुलाला विमानांचे वेड असेल तर माहो बीच दाखवा, विमान डोक्यावरून उतरते. मात्र धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभे राहू देऊ नका. उड्डाण करणाऱ्या विमानाच्या झोताने तिथे २०१७मध्ये एका पर्यटक बाईचा जीव गेला आहे.

"एक ठिकाण जास्त" म्हणजे खासगी बेट. ते वाईट नसते. वाळू, पोहणे आणि जेवण भाड्यातच, मुलांचा दिवस मजेत जातो. पण तो देश बघणे नव्हे, जहाजाचेच अंगण बाहेर मांडलेले असते. शिवाय वारा वाढला की सर्वांत आधी गळते ते हेच ठिकाण, आणि तुमच्या यादीत ते शेवटचे असल्याने त्याच्या बदल्यात दुसरे मिळायची शक्यता नाही.

पूर्वेच्या क्रूझमध्ये जहाजावरच काढायचे दिवस तीन पडतात, पश्चिमेकडच्यात दोन. मायामीहून सेंट थॉमस सुमारे हजार सागरी मैल आहे आणि जाताना व्यापारी वारे समोरून येतात, त्यामुळे पहिले दोन दिवस जहाज थोडे डोलते. सासूबाईंना किंवा मुलीला एसटीत घाटात उलटी होत असेल, तर केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाची आणि सर्वांत वरची केबिन जास्त हलते, आणि बऱ्याचदा महागही असते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही.

केबिन दोन लागतील, ३ आणि २ अशा. तिसऱ्याची झोपायची सोय बहुधा छतातून उतरणारी असते, शिडी चढून जायची, रेल्वेच्या अपर बर्थसारखी. तो बर्थ मुलांपैकी एकाला. अमेरिकेतून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर प्रत्येक केबिनमध्ये २१ वर्षांवरील एक जण लागतो, म्हणून बुकिंग "आई-बाबा-मुलगी" आणि "आजी-नातू" असे करा. जहाजावर पोहोचल्यावर कोण कुठे झोपते ते कुणी बघत नाही. साध्या केबिनच्या बाथरूमला उंच उंबरठा असतो. सासूबाईंना तो जमणार नसेल तर उंबरठा नसलेली अपंगांसाठीची केबिन मागा. तिचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि अशा केबिन मोजक्याच असल्याने लवकर संपतात. जहाजावरची व्हीलचेअर फक्त चढता-उतरताना मिळते, आठवडाभर वापरायला नाही.

एक बारीक गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत. मे महिन्यात मायामीचे घड्याळ एक तास पुढे केलेले असते. जमैका, केमन आणि कोझुमेल घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे तिथे मायामीपेक्षा एक तास मागची वेळ असते. मोबाइल उतरल्याबरोबर स्थानिक वेळ दाखवायला लागतो. जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल आणि "साडेचारपर्यंत परत" असे सांगितलेले असेल, तर तुमच्या मोबाइलमध्ये साडेतीन वाजलेले असताना दार बंद होते. धक्क्यावर धावत येणारी माणसे बहुतेक याच गोंधळातली असतात. पूर्वेची बेटे मे महिन्यात मायामीच्याच वेळेवर असतात, तिथे ही भीती नाही. तरीही एकाच्या हातात साधे मनगटी घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेले, आणि मोबाइलकडे बघू नका. जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. फक्त कंपनीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तरच जहाज थांबते किंवा ते सोय करतात.

मुलांची समजूत घालायची तर सेंट थॉमसला कोकी बीचवर नळी लावून मासे बघता येतात. जाण्याआधी सनस्क्रीनच्या बाटलीवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावे नाहीत ना बघा. प्रवाळाला इजा होते म्हणून अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२०पासून त्यांना बंदी आहे. आणि माणशी ९० डॉलरचा फरक पाच जणांत ४५० डॉलर होतो. सासूबाई बरोबर नसत्या तर हे उत्तर वेगळे आले असते.

प्रश्न : आम्ही चार मित्र, सगळे पस्तिशीच्या आत, पोहता येते. नाताळ ते नवे वर्ष या सुट्टीत जायचे आहे. पूर्व की पश्चिम?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुम्ही पश्चिम घ्या. कोझुमेलजवळून जाणारी प्रवाळरांग जगात दुसऱ्या क्रमांकाची लांब आहे. डायव्हिंगचा परवाना नसला तरी स्नॉर्केलिंगला पाणी स्वच्छ मिळते. ग्रँड केमनच्या स्टिंगरे सिटीला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्टिंगरे मासे पायांभोवती फिरताना दिसतात. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवर घसटत न्यायचे. मासा पायाखाली आला तर शेपटीचा काटा मारतो.

कोझुमेलहून चिचेन इत्झाची (माया लोकांच्या जुन्या पिरॅमिडची) सहल घेऊ नका. आधी फेरीने प्लाया देल कार्मेन, तिथून रस्त्याने अडीच तास, तेवढेच परत. पिरॅमिडपाशी तासाभरापेक्षा जास्त मिळत नाही आणि दिवस बसमध्येच जातो. माया अवशेष बघायचेच असतील तर बेटावरच सान गेर्वासियो आहे. लहान आहे, पण निवांत बघता येते.

ग्रँड केमनला टॅक्सीवाला "वीस डॉलर" म्हणाला तर कुठले डॉलर ते आधी विचारा. केमन डॉलरची किंमत १.२० अमेरिकन डॉलर अशी बांधलेली आहे. आणि जमैकात लष्करी छाप्याचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. टोपी, बर्म्युडा, पाठीवरची सॅक, काहीही नको.

नाताळचा आठवडा वर्षातला सर्वांत महाग आठवडा असतो. रजा पुढे ढकलता आली तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघा, दर बरेच उतरतात. हिवाळ्यात उत्तरेचे गार वारे अधूनमधून येतात आणि त्या दिवशी टेंडर बोटी बंद राहतात, एवढे मनाशी धरून चाला.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, वय ६६ आणि ६२. दहा रात्रींची एक क्रूझ आवडली आहे : अरुबा, कुरासाव, कार्ताहेना (कोलंबिया) आणि कोलोन (पनामा), पनामा कालव्याचा थोडा भागही बघायला मिळतो. दुसरा पर्याय साध्या ७ रात्रींच्या पूर्व कॅरिबियनचा. पैशांचा प्रश्न नाही. काही अडचण?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : अडचण आहे, आणि ती तिकडे नाही, इकडे मुंबई विमानतळावर आहे. कोलंबिया आणि पनामा हे दोन्ही देश पीतज्वराच्या (यलो फीव्हर) यादीत आहेत. अशा देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड नसेल, तर त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हा नियम विमानतळावरचे आरोग्य अधिकारी पाळतात, तिथे वादावादी चालत नाही. त्रिनिदाद बेटही याच यादीत आहे, म्हणून वेळापत्रकात पोर्ट ऑफ स्पेन असेल तरी हीच काळजी.

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते, कुठल्याही खासगी दवाखान्यातली चालत नाही. टोचल्यानंतर १० दिवसांनी कार्ड ग्राह्य होते आणि आता ते आयुष्यभर चालते. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. धोका दुर्मीळच, पण तुम्ही दोघेही त्या वयोगटात येता. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार झालेला असेल किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, तर लस देत नाहीत. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, तारीख नंतर.

डॉक्टर नको म्हणाले तर कॅलेंडर घेऊन बसा. कोलोन किंवा कार्ताहेना यांपैकी शेवटचे बंदर सुटल्यापासून मुंबईत उतरेपर्यंत पूर्ण ६ दिवस उलटून जात असतील, तर भारताचा नियम लागत नाही. पण मग जहाजाच्या वेळापत्रकाची छापील प्रत आणि सर्व शिक्के जवळ हवेत. अरुबासारखी बेटेही यादीतल्या देशांतून येणाऱ्यांना कार्ड विचारतात, म्हणून बंदरे कुठल्या क्रमाने येतात तेही बघा. जहाज कंपनी स्वतःही कार्ड मागू शकते. आमच्या मते, केवळ कालव्याचे एक टोक बघण्यासाठी साठीनंतर ही लस घेणे फायद्याचे नाही. कालव्याची हौसच दांडगी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : सगळी बेटे वेगवेगळ्या देशांची आहेत. मग व्हिसा किती काढायचे? आणि सोलापूरहून हे कसे जमवायचे?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : मुख्य व्हिसा एकच, अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटकांचा. जहाज अमेरिकेतून बाहेर पडते आणि परत अमेरिकेतच येते, म्हणून तो मल्टिपल एन्ट्रीचा असावा. भारतीयांना बहुधा तसाच, १० वर्षांचा मिळतो. हातात वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस अमेरिकेचेच भाग आहेत. बाकी प्रत्येक बंदराविषयी जहाज कंपनीला "भारतीय पासपोर्ट, अमेरिकन व्हिसा" असे स्पष्ट लिहून ईमेलवर उत्तर घ्या. एजंटचे तोंडी "काही लागत नाही" उपयोगाचे नाही. कागद कमी पडला तर मायामीच्या धक्क्यावरच अडवतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

क्रम असा ठेवा. आधी सगळ्यांचे पासपोर्ट तपासा. परतीच्या तारखेनंतर ६ महिने तरी वैध हवेत. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, तो नेमका विसरला जातो. मग प्रत्येकाचा डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा अर्ज, लहान मुलांचाही वेगळा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे. त्यानंतर माणशी १८५ डॉलरचे शुल्क आणि दोन भेटी : एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची. मुलाखतीची तारीख काही महिने पुढचीही मिळते. म्हणून आधी व्हिसा, मग क्रूझचे पूर्ण पैसे.

क्रूझची जागा धरायचीच असेल तर परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा दर निवडा. स्वस्त दरात बऱ्याचदा डिपॉझिट परत न मिळण्याची अट असते. उरलेली रक्कम साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावी लागते. त्या तारखेआधी व्हिसा हातात नसेल तर बुकिंग सोडून द्या.

मुलाखत सकाळची असेल तर वंदे भारतचा उपयोग नाही, ती मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमारास पोहोचते. आदल्या रात्रीची सिद्धेश्वर घ्या आणि पहाटे दादरला उतरा. पण गाडीला उशीर होण्याची भीती असतेच, शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, बाहेर तो ठेवायची सोय आधीच बघून ठेवा. प्रवासाच्या दिवशी मात्र वंदे भारत सोयीची. रात्रीच्या विमानाला मधे पुरेसा वेळ राहतो.

मुंबईहून मायामीला थेट विमान नाही. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी मायामीतच होते. न्यूयॉर्ककडून गेलात तर तपासणी तिथे, बॅगा उचलून पुन्हा द्यायच्या आणि दुसरे विमान पकडायचे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची इथेच धांदल उडते. कुठूनही जा, जहाज सुटण्याच्या निदान एक दिवस, आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर दोन दिवस आधी मायामीत पोहोचा. परतीचे विमान दुपारी दोननंतरचेच घ्या. जहाज पहाटे लागले तरी उतरायला नऊ-साडेनऊ होतात.

प्रश्न : जाहिरातीतला दर आणि शेवटचे बिल यांत एवढा फरक का पडतो?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : जाहिरातीतला दर एका केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून, माणशी असतो. एकटा प्रवासी बहुधा दोघांचे भाडे भरतो. त्यात बंदर शुल्क आणि कर वेगळे. मग टिप : माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचीही धरून. पाच जण, ७ रात्री, १८ डॉलर धरा : ६३० डॉलर. हे आधीच भरून टाकलेले बरे. जहाजावरचे साधे पाणी, चहा, कॉफी, बुफे आणि मुख्य डायनिंग हॉल भाड्यात असतात. बाटलीतले पाणी, कोल्ड्रिंक, वेगळी रेस्टॉरंट, इंटरनेट आणि फोटो यांचे पैसे लागतात. मोबाइल जहाजावर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो उपग्रहाचे नेटवर्क पकडतो आणि त्याचे बिल घरी आल्यावर कळते.

विम्यात कपात करू नका. जहाजावरच्या दवाखान्यात पैसे लगेच आकारले जातात आणि आपला नेहमीचा मेडिक्लेम तिकडे बहुधा चालत नाही. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा : क्रूझचा स्पष्ट उल्लेख, जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनच्या आजारांचे संरक्षण. बीपी-शुगर लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी नाकारली जाते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, घरात कांदा-लसूणही कमी. शेंगा चटणी, कडक भाकरी नेता येईल का? आणि एसी फार असतो म्हणतात, चादर घ्यावी का?
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : चादर घरीच ठेवा. जहाजावर पांघरूण मिळते, जास्तीचे मागितले तरी देतात, आणि आपली सोलापुरी चादर बॅगेतले किलोभर वजन उगाच खाते.

कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी नेता येते. दोन्ही पाकीटबंद, त्यावर पदार्थाचे नाव लिहिलेले हवे, आणि अमेरिकेत उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत असे सांगून टाका. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात. लपवलेला सापडला तर दंड होतो. कढीपत्ता, ताजी फळे, भाजी, पेरायचे बी आणि कोणताही मांसाचा पदार्थ अजिबात नको. चटणीला घरी फोडणी देऊन कढीपत्ता घातला असेल तर तो काढून टाका. जहाजावरचे सफरचंद किंवा केळे पिशवीत टाकून बंदरावर उतरू नका, तिथेही तपासणी असते. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, हीटर, कुकर केबिनमध्ये चालत नाहीत. बॅग स्कॅन होताना काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात.

जेवणाचे बुकिंग करतानाच "भारतीय शाकाहारी" किंवा "जैन" असे नोंदवा. पण नोंदवून स्वस्थ बसू नका. पहिल्याच रात्री डायनिंग हॉलच्या हेड वेटरला भेटा, दुसऱ्या दिवशी काय हवे ते आदल्या रात्री सांगा. मोठ्या जहाजांवर स्वयंपाकघरात बरेचदा भारतीय असतात. वरण-भात, भाजी, पोळी वेगळी करून देतात, मात्र आयत्या वेळी मागितले तर नाही. बुफेत सावध राहा : भाज्यांचे सूप चिकनच्या पाण्यात केलेले असू शकते, मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते, आणि जेलीत जिलेटिन. शंका आली की "यात स्टॉक कशाचा?" एवढे विचारायचे.

आणि बुफेत शिरण्याआधी साबणाने हात धुवा, नुसते सॅनिटायझर लावून भागत नाही. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसे चालत नाही. एकाला लागण झाली की डॉक्टर त्याला केबिनमध्येच राहायला सांगतात, आणि कधी कधी त्याच्याबरोबरच्यांनाही.